पाण्याची वही

भुसावळला, रेल्वे क्वार्टरांच्या मागे,
जिथे वाफेच्या इंजिनांची राख टाकत असत,
तिथे खुरपं मारलं की अजूनही खण्ण वाजतं.
कोळशाचे खंगर, गंजके खिळे,
एकदा तर कुणाच्या तरी गणवेशाचं पितळी बटण.
ही माती नव्हे, असं सगळ्यांनी सांगितलं.
द्वारकाबाई बोरसे म्हणाल्या, नसू दे.

अनिस तडवीने रावेरकडून लेंडीखत आणलं
केळीच्या रिकाम्या गाडीतून, भाडं न घेता.
पॉलीबाईंनी वडिलांच्या बंगल्याचे पडदे दिले सावलीला.
त्यांच्यावरच्या फिक्या गुलाबांखाली
आमचा कढीपत्ता वाढला.
आणि दर घरातून आला गेल्या उन्हाळ्याचा एक माठ,
गळका, पाझरता, टाकून द्यायचा;
तो गळ्यापर्यंत पुरायचा दोन रोपांच्या मध्ये
आणि भरून झाकण ठेवायचं.
मुळं मग अंधारात आपापली वाट काढतात.

नळ नवव्या दिवशी.
म्हणून ठरलं : घरटी एक बादली, रोज.
तांदूळ धुतलेलं चालेल,
साबणाचं नको.
वही माझ्याकडे आली.
पार्सल ऑफिसात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या केळ्यांचं वजन लिहिलं होतं;
अक्षर बरं आहे माझं.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला टेकला.
दुपारी रूळ बघवत नसत.
कुत्री प्लॅटफॉर्मच्या नळाखाली ओलं शोधत फिरत.
गेल्या हंगामातली वांगी आम्ही बुडाशी छाटून ठेवली होती,
नुसते खुंट, प्रत्येकी दोन-तीन पानं,
तीही दुपारी मान टाकायची.

अकरा तारखेला मी माझी बादली कूलरमध्ये ओतली.
कारण सांगण्यासारखं काही नाही. झोप हवी होती.
रकान्यात मात्र बरोबरची खूण केली.
बाराला पुन्हा.
असे नऊ दिवस.
रात्री पंख्यातून ओला वाळ्याचा वास यायचा
आणि मी जागाच.

दहाव्या दिवशी, उजाडायच्या आधी, बादली घेऊन गेलो.
चौदा नंबरचा माठ माझा.
झाकण उचललं.
काठोकाठ.
खुंटाला पोपटी फूट,
नखाएवढी.
तेरा भरलेला, पंधरा भरलेला,
हे समजण्यासारखं होतं.
चौदा कसा?

द्वारकाबाई पलीकडे वाकून काहीतरी उपटत होत्या.
मी म्हणालो, वहीत तर,
आणि पुढे शब्द सापडेना.
त्या न वळताच बोलल्या,
"झाडले वही वाचता येस का रे भाऊ?"

पौषात भरीत झालं.
कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवल्या,
हिरवी लांबोडकी वांगी काळी होईस्तोवर भाजली,
बडगीत ठेचली लसूण-मिरचीसकट.
कळण्याच्या भाकरी कुणी किती खाल्ल्या
याची नोंद कुणी ठेवली नाही.
अनिसची पोरं आगीभोवती,
पॉलीबाईंच्या डोळ्यांत धूर गेलेला, तरी हसतायत.
मला वाढताना द्वारकाबाईंनी
एक डाव जास्तच घातला.
मी नको म्हणालो. ऐकलं नाही त्यांनी.

चौदा नंबरचं एक वांगं बियाण्याला राखलं होतं.
पिवळं झालं, लोंबलं, सुरकुतलं.
बी काढून त्यांनी राखेत घोळलं,
त्याच जुन्या राखेत,
उन्हात वाळवलं,
मग इकडेतिकडे पाहिलं. कागद हवा होता.
वही माझ्या मांडीवर.
त्यांनी ती घेतली, अंगठा लावून पानं सरकवली,
एक पान फाडलं,
बी ओतून पुडी बांधली, दोरा गुंडाळला
आणि कनवटीला खोचली.

मेचं पान होतं ते.

द्वारकाबाईंना वाचता येतं की नाही,
मी आजवर विचारलेलं नाही.